शालूला दोन तास हवे होते

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रार आली. ‘अर्धा तास कोणीतरी ठोकाठोक करतंय. दोन ते चार दुरुस्तीकाम बंद, हा नियम सगळ्यांना सारखाच आहे ना?’ खाली चौघांनी अंगठा दिला. त्यातला एक अंगठा माझा होता.

साडेचारला भांडी घासणारी मंगल तिच्याकडच्या किल्लीने तिसऱ्या मजल्यावरचं परबांचं दार उघडून आत गेली आणि तशीच ओरडत जिन्यात आली. मी पहिल्या मजल्यावरून धावत वर गेले. माझी मैत्रीण शालू पलंगाशेजारी जमिनीवर पडली होती, हातात नवऱ्याच्या दाढीचा ब्रश. पलंगावर अर्धी दाढी झालेले दत्तारामभावोजी. सहा वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समजतं सगळं, बोलता काही येत नाही. त्यांच्या डाव्या हातात स्टीलचा पेला होता आणि पलंगाच्या लोखंडी दांड्याचा रंग उडालेला. मी पोचले तेव्हाही ते ठोकतच होते...

डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका मोठा होता, लवकर कळलं असतं तरी उपयोग झाला नसता. मला धीर द्यायला म्हणाले असतील. मला तो धीर नकोय. आणि शोकसभेत जे ऐकलं तेही नकोय. ‘धीराची बाई’, ‘सोशिक’, ‘हसतमुखाने सेवा केली’. एकाने तर ‘त्यागमूर्ती’ म्हटलं. पाच आठवडे झाले, माझा संताप कमी होत नाही, म्हणून लिहायला बसले.

शालू आणि मी टेलिफोन खात्यात एकत्र लागलो. तिने बोरिवलीत घर घेतलं आणि महिन्याभरात मलाही त्याच बिल्डिंगमध्ये आणून बसवलं. गिरणी कामगाराची मुलगी, माहेर मालवणकडचं, अंगापिंडाने भक्कम. खात्याच्या कबड्डी संघात चढाईला जायची. सोशिक तर ती अजिबात नव्हती. साहेब एकदा कुणा मुलीला टाकून बोलला, तर शालूने अख्खं सेक्शन उठवून त्याच्या केबिनमध्ये नेलं होतं. पण तिची ताकद सगळ्यांच्या लक्षात राहिली आणि तीच तिला भोवली. भावोजींना आजार झाला तेव्हा जो तो म्हणाला, “तू काय गं, कबड्डीवाली, तुला जमेल.”

जमवलं तिने. ऐंशी किलोच्या माणसाला दिवसातून आठ-दहा वेळा पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये. नर्सिंग ब्युरोतून बायका यायच्या, चार दिवस टिकायच्या, भावोजींचं वजन आणि तीन जिने बघून निघून जायच्या. दुसऱ्या वर्षी शालूची कंबर गेली. मणक्यातली चकती सरकली होती. मी तिच्याबरोबर गेले होते. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, सहा आठवडे पूर्ण विश्रांती, वजन उचलणे टाळा.

“मग ह्यांना कोण उचलेल?” शालूने विचारलं.

“ते तुम्ही घरी बघा,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

ती घरी आली, कमरेला पट्टा बांधला आणि भावोजींना जेवायला बसवलं. मग माझ्याकडे वळली. “वैजू, मी पडलंय तर ह्यांका कोण बघतलो गो?” राग आला किंवा घाबरली की ती मालवणीवर जायची. मी म्हटलं, असं काही होणार नाही. किती सोपं असतं असं म्हणणं.

तिने मुलाला फोन केला. निखिल बंगळुरूला असतो. तिचं मागणं एवढंच होतं की कमरेचे उपचार होईपर्यंत बाबांना महिनाभर एखाद्या चांगल्या शुश्रूषा केंद्रात ठेवूया. तो म्हणाला, “आई, बाबांना असं परक्यांच्या हाती? लोक काय म्हणतील? आणि तू आहेस म्हणून तर मी निर्धास्त आहे ना.” शालूने फोन ठेवला. मग म्हणाली, “त्याला निर्धास्त ठेवायचंय मला. अजून एक पेशंट.”

त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या भागातल्या महिला मंडळाने तिला ‘आदर्श पत्नी’ म्हणून सत्काराला बोलावलं. शालूने आधी विचारलं, त्या वेळात ह्यांच्याजवळ बसायला कोणाला तरी पाठवाल का? मंडळाच्या बाई म्हणाल्या, सगळ्याच कार्यक्रमात बिझी आहेत हो. शेवटी माझा नवरा बसला. स्टेजवर शाल, नारळ, टाळ्या. मग ‘दोन शब्द बोला’ म्हणून माइक दिला. शालूने खांद्यावरची शाल काढून टेबलावर ठेवली.

“ही नको मला. घरी दोन आहेत. मला माणूस द्या. दर गुरुवारी दोन तास कोणीतरी ह्यांच्याजवळ बसा. ह्यांना उचलायचं नाही, औषध द्यायचं नाही, नुसतं बसायचं. कोण येतंय? हात वर करा.”

मग एक हात वर आला, दुसरा आला... बारा झाले. फोटोही निघाला त्याचा.

पहिल्या गुरुवारी मी बसले. शालू बसने गोराई खाडीवर गेली, बोटीने पलीकडे गेली आणि त्याच बोटीने परत आली. तोंडावर खारा वारा लागलेली, केस विस्कटलेली. “काय केलंस?” विचारलं तर म्हणाली, “काही नाही गं. कोणी हाक मारली नाही.” असे सात गुरुवार तिला मिळाले. मग कोणाची नात आजारी पडली, कोणाचे गुडघे, कोणाचं पारायण. मी स्वतः लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले आणि परत आल्यावर गुरुवारचा विषय काढलाच नाही. तिनेही काढला नाही. लाज वाटते लिहिताना, पण दुसऱ्यांना बोल लावून स्वतः मोकळं व्हायचं, हे शालूला खपलं नसतं.

गेल्या वर्षी जिना चढताना तिच्या छातीत भरून यायला लागलं. तपासणी झाली, अँजिओग्राफी तातडीने करा म्हणाले. दोन तारखा गेल्या, कारण भावोजींजवळ राहायला कोणी नाही. तिसऱ्या तारखेला ती ॲडमिट झाली. हाताला सुई लागली, निळा गाऊनही घालून झाला, आणि ब्युरोचा फोन आला की बाई आज येत नाहीये. मी तेव्हा गावी होते. शालूने हॉस्पिटलात विनवलं, ह्यांनाही इथेच एक दिवस खाट द्या, मी दोघांचं बघते. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, “ते पेशंट नाहीत ना, मॅडम.” शालूने ‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी जात आहे’ या कागदावर सही केली, सुई काढून घेतली आणि रिक्षाने घरी आली.

स्वतःची जबाबदारी! सहा वर्षं दुसऱ्या कोणाची होती? त्यानंतर अडीच महिन्यांनी ती गेली.

आणि आता ऐका. आईच्या तेराव्याच्या आत निखिलला शुश्रूषा केंद्र सापडलं. विरारच्या पुढे, स्वच्छ, झाडं आहेत, डॉक्टर रोज येतात. नऊ दिवसांत. लोक काही म्हणाले नाहीत. उलट ‘बरं झालं, सोय झाली’ म्हणाले.

गेल्या रविवारी मी भावोजींना भेटायला गेले. दाढी व्यवस्थित केलेली, कपडे धुतलेले. खुर्चीत बसवायची वेळ झाली तेव्हा दोघीजणी आल्या. मी विचारलं, “दोघी कशाला?”

त्यातली मोठी म्हणाली, “एकटीने उचलायचं नाही, मावशी. नियमच आहे आमच्याकडे. कंबर जाते.”

दोघी वाकल्या. पण त्यांनी हात लावण्याआधी भावोजींनी डावा तळहात वर करून त्यांना थांबवलं. डावा पाय पलंगावरून खाली सोडला, टाच फरशीवर घट्ट रोवली, दांडा धरला, दीर्घ श्वास घेतला आणि अंगाचा होता नव्हता तो सगळा जोर त्या एका पायावर घेऊन स्वतःला वर रेटलं. मान लाल झाली, ओठ थरथरले. दोघींना नुसता आधार द्यावा लागला.

“काका रोज असंच करतात,” ती मुलगी कौतुकाने म्हणाली. “किती वेळा सांगितलं, आम्ही दोघी आहोत, तुम्ही अंग सैल सोडा. ऐकतच नाहीत.”

भावोजी खुर्चीत टेकले, धापा टाकत होते. मग त्यांनी मान वळवून मागे पाहिलं, जिथे उचलताना शालू उभी असायची तिथे... तिला फार भार तर पडला नाही ना, हे बघायला.