रतनबाईचा बत्ता

गहिनीनाथ पाहुण्यारावळ्यांत आला की माणसं हळूच चपला शोधू लागत. भिंगारच्या छावणीत दारूगोळ्याच्या गोदामात त्याने बत्तीस वर्षं नोकरी केली. निवृत्त होताना साहेबांनी जवानांना शिकवायला वापरतात तसलं एक पोकळ, बिनदारूचं काडतूस भेट दिलं, पाऊण वीत लांब, अंगठ्याएवढं जाड. तेव्हापासून लग्न असो की दहावा, ते पिशवीतून बाहेर निघणारच.

"बारा पॉइंट सात एमएम!" तो सुरू व्हायचा. "साधी गोळी न्हाई ही. दीड किलोमीटरवरनं जीपचं इंजिन फोडती. भिंतीमागं लपला तर भिंतीसकट जातो मानूस!"

मग काडतुसाचं बूड खाली करून फरशीवर दाणकन आपटायचा. बाया किंचाळायच्या. "काय होत न्हाई!" म्हणत हा मनसोक्त हसायचा. त्याची बायको भारती कपाळाला हात लावून उठून जायची. जावं तरी किती वेळा बिचारीने!

परवा तो थोरल्या बहिणीकडे गेला. रतनबाईचं गाव लष्कराच्या गोळीबाराच्या मैदानाला खेटून. तिने चहासाठी आलं कुटायला घेतलं. ठोकण्याचा आवाज वेगळा वाटला म्हणून गहिनीनाथने पेपरातून डोकं वर काढलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. रतनबाईच्या मुठीत बत्ता नव्हता, काडतूस होतं. टोकदार गोळी वर, बूड खलात. पोकळ काडतुसाच्या अंगाला भोक असतं, याला नव्हतं.

"आक्का, थांब! हळूच खाली ठेव ते."

"आलं तर कुटून व्हऊ दे."

"आल्याला घाल चुलीत! कुठनं आनलं?"

"वढ्यात घावलं. चार म्हैने झालं. लोखंडी बत्ता गंजत हुता, ह्यो लई ब्येस हाय."

चार महिने! दिवसातून दोनदा चहा! गहिनीनाथचं डोकंच फिरलं. "अगं, जितं हाय ते! बुडाला टोपी असती, तिला नीट दनका बसला की आतली दारू पेटती. बंदुकीत नसलं तरी पितळ फुटंल, पंजा उडंल तुजा! काही अक्कल?"

"मला नको शिकवू. माज्या अंगदच्या लग्नात तूच आपटलं की असंच. काय होत न्हाई, म्हनलास."

"माजं पोकळ हाय!"

"ते कवा सांगितलंस?"

खरंच, गहिनीनाथने कधीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर किंचाळलं कोण असतं?

त्याने काडतूस खलातच राहू दिलं, बहिणीला दंडाला धरून बाहेर काढलं आणि पोलिसांना फोन केला. हवालदार आला, त्याने आसपासची घरं रिकामी करवली. नगरहून बॉम्बनाशक पथक येईपर्यंत सगळी गल्ली लिंबाखाली ताटकळली. गहिनीनाथ बहिणीवर ओरडतच होता.

हवालदाराने कागद काढला. "आजी, हे आपटलं तरी चालतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

रतनबाईने भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुनी न्हाई सायेब. म्हातारीचं डोकं, दुसरं काय."

हवालदार लिहू लागला. गहिनीनाथने पुढे होऊन त्याचा हात धरला.

"खोडा ते," तो म्हणाला. "माजं नाव लिव्हा. मी शिकवलं तिला."