निरोगी गायीचा रोग

जळगावच्या एका प्रयोगशाळेत मी गोचिडांमुळे जनावरांना होणारे जिवाणूसंसर्ग शोधते. रक्तातून डीएनए काढायचा, पीसीआर यंत्रात घालायचा आणि त्यात जिवाणूचा डीएनए सापडतो का ते बघायचं. मागे नमुने हवे होते म्हणून भडगावजवळच्या सासरच्या गावी गेले. घरच्या गावात कोण अडवणार, असं वाटलं होतं.

अडवलं ते घरच्यांनीच. चुलतसासऱ्यांना, म्हणजे नानांना, गोचिडांचा विषयच अपमानाचा वाटला. सोयरिकीला आलेल्यांनी मुलीच्या केसांत उवा शोधाव्यात, तसा त्यांचा चेहरा झाला. "मन्ही गायले गोचीड नही शे," ते म्हणाले. "शेजारना गोठामा दखी ये."

शेजारच्या आबांची गाय पार वाळलेली. आबांनी आनंदानं रक्त काढू दिलं. नानांची गाय तुकतुकीत, भरपूर दूध देणारी. सुनेचं काम अडतंय, असं सासूबाईंनी ऐकवल्यावर नाना तयार झाले, पण रक्त काढताना पाठ फिरवून उभे राहिले. गायीच्या कानात गोचिडी होत्या. त्या मी नुसत्या वहीत टिपल्या.

निकाल आला. आबांची गाय स्वच्छ. नानांच्या गायीत अ‍ॅनाप्लाझ्मा, म्हणजे मी शोधत होते तोच जिवाणू.

गावी जाऊन मी सांगितल्यावर नानांनी विचारलं, "आजारी शे का ती?"

"नाही. कधीतरी होऊन गेलं असेल, तिनं पचवलं. पण जिवाणू रक्तात आहेत. गोचिडांमार्फत दुसऱ्या जनावरांना जातील. गोठ्यात फवारणी करा."

संध्याकाळी दूध डेअरीवर नानांनी ही बातमी आपल्या पद्धतीनं सांगितली: अख्ख्या गावात यंत्राला काही सापडलं ते फक्त त्यांच्या गायीत, आणि तिनं ते पचवलंय.

सकाळी आबा आले ते नाराज होऊन. "मन्ही गायमा काहीच कसं नही निंघनं? परत तपास."

मी परत रक्त नेलं. परत काही नाही. फोनवर सांगितलं तेव्हा आबा "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांची गाय कशानं वाळली, हे मला सांगता आलं नाही. आमची तपासणी तेवढ्या एका जातीच्या जिवाणूंसाठी होती.

नानांनी थाटात फवारणी करून घेतली. नामांकित रोगाच्या गायीला मिळतं ते आपल्याही जनावरांना मिळावं, म्हणून हळूहळू सगळ्या गल्लीनं केली. फवारणी करा म्हणून सांगणारी आमची पत्रकं कित्येकदा त्याच गल्लीत वाटली गेली होती; तेव्हा कुणी पंप हातात धरला नव्हता. नानांच्या मागोमाग पहिला नंबर लावला तो आबांनी.