दोन दिव्यांची अडवणूक

शाईच्या वासाने मला सत्तरच्या दशकातली कलकत्त्याच्या विद्यापीठातली आमची थंडगार कॉम्प्युटरची खोली आठवते. एका वर्षी परीक्षेचा निकाल छापताना यंत्र सारखं मधेच गप्प व्हायचं आणि फाटकाशी मुलं ताटकळायची. तिसऱ्या दिवशी आमचा बंगाली ऑपरेटर म्हणाला, “दीदी, टेप और प्रिंटर, दोनों का बत्ती एक साथ जलता है, तभी अटकता है।” मी उत्सुकतेने माहिती साठवणारी चुंबकी टेप आणि प्रिंटर चालवणारा ‘ड्रायव्हर’ प्रोग्राम उघडला. एक काम टेप अडवून प्रिंटरची वाट बघत होतं, दुसरं प्रिंटर अडवून टेपची! मी नियम घातला, प्रत्येक कामाने आधी टेप मागायची, मगच प्रिंटर. निकाल सरसर छापून निघाला. ऑपरेटरने विचारलं, “लेकिन कोई लेकर छोड़ा ही नहीं तो?” मी पुन्हा प्रोग्राम उघडून बसले. निवृत्त होऊनही मी अजून त्याच प्रश्नाशी झगडते आहे.