आतोबा आणि रविवारची खरखर

तुम्ही बोलता ते समोरच्याला पोचतं, याचा तुमच्याकडे पुरावा काय? हा प्रश्न माझा नाही, आमच्या आतोबांचा आहे, आणि पुराव्यावाचून कशावरही विश्वास न ठेवणारा त्यांच्यासारखा माणूस अख्ख्या बनारसच्या घाटांवर दुसरा झाला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. हयात रेल्वेत गेली, निवृत्त झाले ते स्टेशनमास्तर म्हणून. रेल्वेत एक पद्धत आहे. पुढच्या स्टेशनवरचा मास्तर फोनवर 'गाडी सोडा' म्हणतो तेव्हा नुसतं म्हणून भागत नाही, आपल्याजवळच्या गुप्त यादीतला एक दोन आकडी नंबर तो देतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. ऐकणाऱ्याने तो लिहून घ्यायचा, परत म्हणून दाखवायचा, आणि देणाऱ्याने यादीतून खोडायचा. निरोप पोचला हे कळवतानाही असाच नंबर. नंबर नाही तर गाडी नाही. निवृत्तीच्या दिवशी आतोबांनी हिरवा झेंडा, शिट्टी, सगळं सरकारजमा केलं; ही पद्धत मात्र घरी घेऊन आले.

मंगला गौरीच्या गल्लीत त्यांचं तीन मजली, अरुंद, दगडी घर. सकाळी आत्याने "कोथिंबीर आणा, लिंबं आणा" म्हटलं की आतोबा पिशवी घेऊन उभेच. "कोथिंबीर एक जुडी, लिंबं चार. नंबर?" आत्या भाकरी थापता थापता म्हणे, "अडुसष्ट. आणि निघा आता." एकदा ते गल्लीच्या तोंडापासून परत आले, कारण अडुसष्ट परवाच होऊन गेला होता. मंगला गौरीच्या पुजाऱ्याने संकल्प म्हटला तेव्हा तो देवीपर्यंत पोचल्याचा नंबर त्यांनी त्याच्याकडेही मागितला. पुजारी बनारसचा, तो थोडाच हरतोय? "लिख लीजिए बाबूजी, चौरासी. माता जी ने खुद बताया है."

आता माझ्याबद्दल. पलीकडच्या गल्लीतल्या आमच्या घरात पुस्तकांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त होती. मी अक्षरं गिरवली तीही पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. बाविसाव्या वर्षी मी स्वतःच पत्रकं काढू लागलो, आणि परदेशी माल, टीव्ही, जाहिराती यांच्यावर असा काही तुटून पडलो की ती व्यवस्था दिवाळीपर्यंत कोसळणार याबद्दल मला शंका नव्हती. दिवाळी आली, गेली. माझी पत्रकं शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा वाचक एकच होता, आणि तो ती पेन्सिलीने शेरा मारून परत करायचा. 'तिसऱ्या परिच्छेदात दोनदा क्रांती झाली आहे. एक पुरे. बाकी पोचलं. एकतीस.'

त्या वर्षी आत्या घाटाच्या पायरीवरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऊन लागावं म्हणून तिचा पलंग वरच्या मजल्यावर. फोन तळमजल्यावर. त्यांची एकुलती एक मुलगी सुधा मस्कतला, दर रविवारी संध्याकाळी सहाला तिचा फोन यायचा, आणि तिला दिवस गेलेले. म्हणून जावईबापू सुट्टीवर आले तेव्हा एक बिनतारी फोन घेऊन आले. पेटी खाली, हातातला फोन वर आत्याच्या उशाशी. त्याच बॅगेतून त्यांनी माझ्यासाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम काढला. मी काय केलं असेल? मी उभा राहून भाषण केलं. 'ही रंगीत बेडी मला नको' असं एक वाक्य त्यात होतं, ते मला तेव्हा फार आवडलं होतं. जावईबापूंनी खोका मधल्या मजल्यावर टीव्हीखाली सरकवला. आतोबा म्हणाले, "भाषण पोचलं. बावन्न."

बिनतारी फोन आला आणि खरखर सुरू झाली. सोमवार ते शनिवार आतोबा शेजारून फोन करवून तपासत, आवाज स्वच्छ. रविवारी सहाला सुधाचा फोन आला की पाऊस पडावा तशी खरखर, आणि सुधा बुडालेली. आतोबांनी 'बिघाड नोंदवही' काढली. आधी पेटी कोनाड्यात ठेवली, मग माळ्यावर, मग उलट्या बादलीवर. भांड्यांवर संशय आला म्हणून पितळी डबे बाहेर गेले. देव्हाऱ्याकडे वळले तेव्हा आत्या कडाडली, "देव हलायचे नाहीत. तुमचा फोन हलवा!" मग जमिनीवर खडूच्या खुणा आल्या आणि आत्याचा पलंग दर रविवारी वीतभर सरकू लागला. "अहो, मी काय मालगाडी आहे का शंटिंग करायला?" खालून वर तार ओढा, असं मी सुचवून पाहिलं. "टेलिफोनवाल्यांच्या परवानगीशिवाय? माझ्या घरात?" अर्ज गेला होता, उत्तर यायचं होतं. शेवटी संशय गच्चीवरच्या माकडांवर स्थिरावला. टीव्हीच्या एरियलवर ती लोंबकळतात आणि लहरी बिघडवतात, हा सिद्धांत. मग आतोबा रविवारी पावणेसहाला गच्चीवर काठी आपटून, सहाला धापा टाकत तळमजल्यावर.

या सगळ्या धावपळीत मी कुठे होतो? मधल्या मजल्यावर. रविवारी सहाला एक माणूस खाली पेटीजवळ, एक वर फोन कानाला लावून. मधल्या खोलीत कोणी फिरकत नसे. 'मुद्रितं तपासतो' असं सांगून मी दार लावून घ्यायचो, खोका बाहेर काढायचो, आणि आवाज अगदी बंद करून एक छोटी लाल गाडी शर्यतीत पळवायचो. आवाज बंद, एवढी तत्त्वनिष्ठा मी राखून होतो. सातव्या टप्प्यावर मी सारखा दरीत पडायचो, आणि सहावर थांबणं माझ्या स्वभावात नव्हतं.

मग एका रविवारी सुधा म्हणाली, "आई, डॉक्टर म्हणाले की बाळ..." आणि पुढे नुसती खरखर. फोन तुटला. घरून परदेशी फोन लागत नसे, म्हणून आतोबा चौकातल्या बूथवर धावले, मस्कतला फोन लावला, सगळं ऐकून आले. बाळ आडवं होतं, ते आता फिरलं आहे, काळजीचं काही नाही. आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून सांगताय तुम्ही. मला तिच्या तोंडून ऐकायचंय." आठवडाभर ताट जसंच्या तसं खाली येत राहिलं. आतोबांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला नंबर मागितला नाही. शुक्रवारी मी त्यांना जिन्यात बसलेलं पाहिलं. वही मांडीवर होती. "सहा रविवार," ते म्हणाले. "बाकी दिवस लाईन साफ. मधला एक रविवारही साफ. त्या दिवशी काय वेगळं होतं रे?"

त्या रविवारी मी तापाने आमच्या घरी पडून होतो.

लाल गाडी, आवाज नसलेला टीव्ही, आणि त्या मधल्या खोलीतून आरपार वर जाणारा सुधाचा आवाज, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम जुळलं. चाळीसेक पत्रकांत मी मोठमोठ्या सत्तांना कबुलीजबाब द्यायला लावला होता. स्वतःच्या कबुलीला मला पाच पायऱ्या उतरून परत चढाव्या लागल्या. सांगितलं. आतोबांनी वही मिटली आणि म्हणाले, "बेडी रंगीत होती, नाही?" एवढंच.

शनिवारी आम्ही दोघांनी तपासणी केली. गेम चालू, खरखर, बंद, साफ. तीनदा. रविवारी खोका दोरीने बांधून मी शेजाऱ्यांकडे ठेवून आलो आणि आत्याच्या पायाशी बसलो. सहाला घंटी वाजली. "आई, ऐकू येतंय का गं? अगं, फिरलंय बाळ. काल लाथाही मारल्या." सुधा शेजारच्या खोलीतून बोलावी तशी बोलत होती. आत्याने सगळं ऐकलं, पुन्हा म्हणवून घेतलं. आणि इतकी वर्षं त्या पद्धतीला नावं ठेवणारी आमची आत्या फोनमध्ये म्हणाली, "सुधे, नंबर दे."

"सत्तेचाळीस, आई."

आत्याने तो मोठ्याने परत म्हणून दाखवला. जिन्याखालून आतोबांचा आवाज आला, "सत्तेचाळीस! लिहिला!" त्या रात्री आत्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी वही चोरून पाहिली. बिघाडाच्या कारणासमोर आतोबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'माकड. स्वतःहून खाली उतरले.' आत्या अजूनही गच्चीवरच्या माकडांना शिव्या घालते, आणि मी अजूनही तिला घालू देतो.

सुधाचा मुलगा आता शाळेत जातो. आतोबांना अलीकडे ऐकू येत नाही. मी नवं पत्रक वाचून दाखवतो, तेव्हा ते माझ्या ओठांकडे बघत मान हलवतात आणि शेवटी नंबर देतात. परवा मी मुद्दाम मधला अख्खा परिच्छेद गाळला. त्यांना कळलं नाही. "पोचलं," ते म्हणाले, "तेवीस." ज्या माणसाने जन्मात खोटा नंबर दिला नाही, तो आता माझं मन मोडू नये म्हणून रोज एक देतो. मी तो लिहून घेतो, आणि मोठ्याने परत म्हणून दाखवतो.

म्हणून ही विनंती, आणि माझ्या आजवरच्या कुठल्याही पत्रकातल्या मागणीपेक्षा ती लहान आहे. येत्या रविवारी सहाला घरातलं जे काही चालू असेल ते दहा मिनिटं बंद करा. ज्या माणसाचा आवाज तुम्ही बरेच दिवस नीट ऐकला नाही, त्याला फोन लावा, त्याचं सगळं ऐकून घ्या, आणि ते पोचलं असेल तर ठेवण्यापूर्वी त्याला कोणतेही दोन आकडे द्या. खरे.