इकारसची बाहुली आणि अप्पांचा गुडघा

तुम्ही विचारताच आहात तर सांगतो, पण चहा संपेपर्यंत मध्ये हसायचं नाही! माझं लग्न का राहिलं? एका गुडघ्यामुळं. माझ्या नव्हे हो, दुसऱ्याच्या!

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याहून चेन्नईला गेलो होतो, व्हिडिओ गेम तपासायच्या नोकरीवर. तिथं ऑफिसातच वसुमती भेटली. तंजावरच्या मराठी घरातली, वेस्ट मांबलमला राहणारी. रागावली की तमिळ, कामाचं इंग्रजी, आणि माझ्याशी मराठी. मी पुरता गारद!

नवरात्रात ती म्हणाली, "घरी कोलू बघायला ये. अप्पा तुला बघतील. छान एक बोम्मै आण, आणि प्लीज, कमी बोल."

कोलू म्हणजे पायऱ्या मांडून त्यावर बोम्मै, म्हणजे बाहुल्या बसवतात, ते. दरवर्षी एक तरी नवी बाहुली हवी. बाजारात मातीचे गणपती, लक्ष्म्या ढिगानं होत्या. शहाण्या माणसानं एक उचलली असती. पण मला वेगळं दिसायचं होतं ना! आमच्या टेबलावर गेमवाल्यांनी पाठवलेली एक बाहुली होती. पोलादी हातांचा, पंखवाला तरुण. तीच रंगीत कागदात गुंडाळली आणि निघालो.

अप्पांनी, म्हणजे तिच्या वडलांनी, ती हातात घेऊन निरखली. "वा! गरुड काय?"

अहो, इथं नुसतं 'होय' म्हणायचं होतं! आज दोन पोरांचा बाप असतो मी. पण माझ्या अंगात प्राध्यापक संचारला.

"नाही अप्पा, हा इकारस. ग्रीक पुराणातला."

"सरी, ठीक. मग हात लोखंडाचे कशाला?"

"आमच्या गेममध्ये पुढच्या काळातली माणसं अंगात यंत्रं बसवून घेतात. हात, डोळे, गुडघे..."

"गुडघे?" अप्पा एकदम पुढं सरकले.

आता तुम्हाला सांगतो, जे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. अप्पांचा गुडघा पार झिजला होता. वसूनं वर्षानुवर्षं विनवण्या करून त्यांना गुडघा बदलायला तयार केलं होतं. दसऱ्यानंतर ऑपरेशन ठरलं होतं. मला ह्याची गंधवार्ताही नव्हती!

"गुडघे तर सर्रास!" मी म्हणालो.

"मग? बरं चालतात ती माणसं?"

"कुठली चालतात! तीच तर खुबी आहे. इकारसला बापानं मेणाचे पंख करून दिले. पोरगं सूर्याजवळ गेलं, मेण वितळलं, धपकन समुद्रात! अर्थ काय? देवानं दिलंय त्याच्याहून जास्त मागायला गेलात, की पडलात!"

स्वयंपाकघराच्या दारात वसू खोकत होती. मला वाटलं, सुंडलच्या उसळीतली मिरची लागली. अप्पा गुडघा चोळत होते. मला वाटलं, रंगलेत!

"कोणीच सुटलं नाही?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"छे! प्रोमिथियसनं माणसाला अग्नी आणून दिला, तर त्याला खडकाला बांधलं. गरुड येऊन त्याचं काळीज खायचा." गरुडाचं नाव ऐकून अप्पांनी बाहुली खाली ठेवली, ती थेट कोलूच्या मागं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात वसू समोर उभी. डोळे लाल.

"अप्पांनी ऑपरेशन कॅन्सल केलं."

"अरेरे! का गं?"

"का? अय्यो, तू मला विचारतोस का?"

अहो, त्या माणसाला जिना उतरवत नव्हता, आणि मी त्याला इकारस ऐकवून आलो होतो. तसाच संध्याकाळी धावलो.

"अप्पा, ते सगळं प्रतीकात्मक असतं. आणि प्रोमिथियसचं काळीज रोज पुन्हा उगवायचं."

"म्हणजे रोज ऑपरेशन?" अप्पांनी पाय पोटाशी घेतले.

झालं! जितकं सावरायला जावं तितकं चिघळत होतं. वसूनं पदरानं तोंड झाकलं. शेवटी मी हात जोडले.

"अप्पा, मला ग्रीक पुराणातलं ओ की ठो कळत नाही. गेममधलंही नाही. तुम्हाला खरं सांगू? माझं काम म्हणजे गेममधला माणूस भिंतीला धडकवून बघायचं, आरपार जातो का."

"दिवसभर?"

"दिवसभर. एका भिंतीनंतर दुसरी भिंत."

"आणि त्या पुराणाचा अर्थ?"

"फुशारकी हो! वसूसमोर शहाणा दिसायला."

अप्पांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला म्हणून सांगू! "मूर्खच तुम्ही!" असं अगदी प्रेमानं म्हणाले आणि तिथल्या तिथं डॉक्टरांना फोन केला. ऑपरेशन झालं. फक्कड झालं.

मग वसूनं आमचा विषय काढला. अप्पा म्हणाले, "मुलगा खरं बोलतो, म्हणूनच पंचाईत. आपल्याला काही कळत नाही, असं तोच सांगून गेला. त्याला मुलगी कशी द्यायची?" वसू महिनोन् महिने त्यांच्याशी भांडली. मी वाट बघत राहिलो. हळूहळू तिनं माझ्याकडं बघणं टाळायला सुरुवात केली, तेव्हाच मी समजायला हवं होतं. पण कळायला डोकं लागतं!

दुसरा पोंगल उलटल्यावर एका सकाळी दार वाजलं. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दारात अप्पा! धाप नाही, काठी नाही.

"अप्पा, हाक मारायची, मी खाली आलो असतो!"

"कशाला? ह्या गुडघ्यानं अख्खं तंजावर फिरलो, कुंभकोणम फिरलो. एकेक घर चढलो, तेव्हा मनासारखं स्थळ मिळालं." त्यांनी हळदीची बोटं लावलेली पत्रिका माझ्या हातात ठेवली. "तुम्ही नसता तर हे जमलं नसतं, श्रीपादराव. पहिली पत्रिका देवाला ठेवली. दुसरी तुम्हाला."