मागच्या दारानं

आमच्या मावशीला गप्प बसवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचे. आता सांगत नाही.

मावशी बस कंडक्टर होती. नोकरी संपली, पण जिभेवरचं ‘पुढे सरका’ काही गेलं नाही. घरात कुणी दाराशी जरा रेंगाळलं की झालंच, ‘पुढे सरका!’ काका शिंपी. त्यांचं मशीन चालू होतं तोवर घरात दोघांचा आवाज असायचा. मग काकांच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्याला काहीतरी झालं, डॉक्टरांनी हात टेकले आणि काकांनी मशीनवर चादर टाकली. तेव्हापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत. बाहेर चला म्हटलं की एकच उत्तर, “मला काय डोंबल दिसणार आहे तिथं?”

अशात जवळच्या कलादालनानं शेजारपाजारच्या लोकांसाठी एक फुकट संध्याकाळ ठेवली. वस्तीतल्याच कुणीतरी एकेक खोली फिरवून दाखवायची. मावशीनं लगेच नाव दिलं.

“बायको गाईड म्हटल्यावर यावंच लागेल त्यांना,” ती मला म्हणाली. “घराबाहेर नाही काढलं तर नाव लावणार नाही!”

तिच्या वाट्याला एका चित्रकार बाईची खोली आली. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतची चित्रं ओळीनं लावलेली. गाईडांच्या शिकवणीत मावशीला कळलं, की शेवटी शेवटी त्या बाईचे डोळे जायला लागले होते. मावशीनं धसकाच घेतला. नेमकं तेच काकांपुढे? रात्रंदिवस विचार करून तिनं तोडगा काढला.

“शेवटची भिंत आली की आपण एक्स्प्रेस. स्टॉपच नाही!”

त्या संध्याकाळी काका आले खरे, इस्त्रीचा शर्ट आणि एवढंसं तोंड. मी त्यांचा हात धरला होता. खोलीला दोन दारं. मावशीचा जन्म गेला मागच्या दारानं चढून पुढे सरकण्यात, त्यात घाबरलेली. आम्हा सगळ्यांना घेऊन शिरली ती थेट मागच्या दारानं!

“अहो ताई, सुरुवात इकडून!” दालनातल्या बाई समोरून हातवारे करत होत्या.

“आता माणसं चढलीत, उतरवू का?” म्हणत मावशी वळली आणि समोर बघून पांढरी पडली. मी कपाळाला हात लावला. समोर तीच भिंत.

चित्रात खुर्चीवर बसलेली एक बाई. केस नीट विंचरलेले, कानात डूल, गळ्याशी झालर, सगळं रेखीव. चेहरा मात्र नाहीच. तिथं नुसता राखाडी फराटा.

“अर्धवट राहिलं वाटतं,” मागून कुणीतरी म्हणालं.

मावशीनं तोंड उघडलं. ‘पुढे सरका’ येणार, इतक्यात काकांनी माझ्या हातातून हात सोडवला. चित्रासमोर जाऊन मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली. बराच वेळ बघत राहिले.

“काय गं,” त्यांनी मला विचारलं, “हा मधला डाग माझ्या डोळ्यात आहे की चित्रात?”

“चित्रात आहे, काका.”

“खरंच?” काकांचा आवाज केवढा तरी चढला. “मग अर्धवट कसलं? असंच दिसतं!”

मावशी जवळ आली. “असंच म्हणजे? अहो, मी…?”

“केस दिसतात तुझे. कानातलं दिसतं. तोंड नाही दिसत गं. बरेच दिवस झाले.”

“आणि रोज मला छान दिसतेस म्हणता ते?”

“ते पाठ आहे मला.”

मावशी गप्प झाली. खोटं नाही सांगत, सगळी माणसं खोळंबली होती आणि आमची मावशी गप्प उभी होती, डोळ्याला पदर लावून. काकांचं मात्र आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते पुढच्या चित्राकडे मान वळवून, तिरकं बघून, काहीतरी जुळवत होते.

“आपण उलटे शिरलोय ना?” त्यांनी विचारलं. “म्हणजे इथून पुढे ह्या चित्रकार बाईला दिसायला लागणार?”

मावशीनं नुसतीच मान हलवली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मोठ्यानं “हो” म्हणाली.

काकांनी चाचपून तिचं मनगट धरलं. “मग उभी काय राहिलीस? पुढे सरक की.”