हळू बोला, सिस्टर झोपल्यात

…हां, तर इस्त्रीपर्यंत आलो होतो ना आपण? तिथूनच लिही पुढे. कोळशाची इस्त्री होती ती तेव्हा, विजेची नाही. उचलताना माझा खांदा निखळायचा, पण आमची धाकटी ती अशी फिरवायची की बघत राहावं. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ, तुझी चुलत आजी. हे लिही हो, नाहीतर वाचणारा म्हणेल ही कोण मधेच उपटली.

गल्लीत तिला सगळे इस्त्रीवाली मावशी म्हणतात. तिची खोली गाण्याच्या हॉलला पाठ लावून उभी आहे. हॉल पूर्वी कापसाचं गोदाम होता, म्हणून भिंत अशी जाडजूड की तिच्या कोनाड्यात धाकटीचे कपड्यांचे गठ्ठे बसतात आणि वर पाण्याचा माठही बसतो. या भिंतीला एक झरोका नाही. खिडक्या सगळ्या पलीकडच्या अंगाला, मोकळ्या मैदानावर उघडणाऱ्या. हे खिडक्यांचं लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

धाकटीचा नवरा गेला तेव्हा पोरगी अंगावर पीत होती. आम्ही म्हटलं, इथंच राहा, पण हिचा बाणा मोठा. "जाऊबाई, तुमच्याकडे चार दिवसांपुरती आले तरच आवडती राहीन," म्हणाली, आणि बोचकं उचलून निघाली. हॉल तेव्हा भाऊंचे, म्हणजे आता जे हॉल बघतात त्यांचे, वडील चालवायचे. त्यांनी ही खोली दिली. म्हणाले, "वाजवणाऱ्यांचे कपडे तेवढे परीटघडीचे ठेव, बाकी गल्लीचं काम तुझं तू बघ."

पोरगी मेली रडकी. दिवसभर शहाण्यासारखी राहायची आणि पलीकडे कार्यक्रम रंगात आला की हिने भोकाड पसरायचं. धाकटी तिला घेऊन हॉलच्या दाराशी फेऱ्या मारायची, कारण खोलीत इस्त्रीचा धूर. एकदा पुढच्या खुर्चीवरचा एक बडा माणूस ताडकन उठला. "हे मूल बाहेर काढा, नाहीतर मी निघालो," म्हणाला. आता खोली गेली, असंच वाटलं धाकटीला. पण भाऊंच्या वडिलांनी हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, ती केव्हाची रडतेय. तुम्ही आत्ता आलात." सगळा हॉल खो खो हसला. व्हायोलिनवाल्या म्हाताऱ्याने पोरीच्या रडण्याचा सूर पकडून तोच पुढे वाजवायला घेतला. आणि पोरगी? गप्प! टकामका बघत बसली. बडा माणूसही बसला बिचारा परत.

धाकटी ते कधी विसरली नाही. "माझ्या पोरीचा आवाज त्यांनी आधी सोसला," म्हणते. पोरगी त्याच भिंतीशी वाढली, शिकली, लग्न होऊन गेली. आता तिला सासरी शांततेत झोप लागत नाही म्हणे. पंखा खडखडणारा असला तरच डोळा लागतो. जावई कपाळाला हात लावतो.

तर पुढे काय झालं, ते मैदान विकलं गेलं आणि तिथे बिल्डिंग आली. हॉलच्या खिडक्यांसमोर, हाताच्या अंतरावर म्हण ना, झोपायच्या खोल्या काढल्या त्यांनी. बांधणाऱ्याला कुणी विचारलं नाही की बाबा, समोर काय चालतं ते बघितलंस का. लोक राहायला आले आणि थोड्याच दिवसांत हॉलवर तक्रार गेली. आवाजाचा त्रास होतो, हॉल बंद करा. तोवर वडील गेले होते, हॉल भाऊ बघायचे. भाऊंचं तोंड एवढंसं झालं. "मावशी, मोजणी होणार आहे," म्हणाले. "आवाज जास्त भरला तर कुलूप लागेल. हॉल गेला की तुमची खोलीही गेली, ती हॉलच्याच जागेत आहे."

धाकटी पेटली. येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायची. सगळ्यात जास्त ऐकलं ते सिस्टरने. ही सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातली नर्स, नव्या बिल्डिंगमध्ये एकटीच राहायची. तिची रात्रपाळी असायची. सकाळी कामावरून येताना युनिफॉर्म टाकायची, संध्याकाळी जाताना न्यायची. गोड बाई, पण डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं.

"कोण ही भवानी आहे कुणास ठाऊक," धाकटी तिच्याच बाहीवर इस्त्री दाबत म्हणायची. "गाणं ऐकून जिच्या पोटात दुखतं ती बाई कसली? कुणाच्या तोंडचा घास काढते, कुणाच्या डोक्यावरचं छप्पर! माझ्या समोर आली ना, तर सांगते तिला."

सिस्टर मान खाली घालून ऐकायची. एक दिवस म्हणाली, "मावशी, सांगा मग."

"काय सांगू?"

"जे सांगणार होतात ते. तक्रार मीच केलीय."

धाकटीची इस्त्री जागच्या जागी थांबली. कॉलर करपायची वेळ आली, वास सुटला, तेव्हा सिस्टरनेच "मावशी, इस्त्री!" म्हणून उचलायला लावली.

"अगं बाई," म्हणाली धाकटी. "मग इतके दिवस ऐकून का घेतलंस?"

"तुमचं खरं वाटायचं म्हणून. माझंही खरं आहे ना, पण." आणि तिला रडूच फुटलं. "मला गाण्याचा राग नाही. मला झोप पाहिजे. रात्री वॉर्डात कुणाची सलाईन संपते, कुणी कण्हतं, मला डुलकी घेऊन चालत नाही. दुपारी आडवी झाले की हा ड्रमवाला सरावाला सुरू."

हा ड्रमवाला म्हणजे धडधड्या. आईबापाने ठेवलेलं नाव त्याचं त्यालाच आठवत नसेल. पोरगा सोन्यासारखा, हात मात्र लोखंडाचे.

धाकटीला काही पटलं नाही. ती म्हणाली, "मी तर त्याच्या पाठीला पाठ लावून बसते. मला तर नुसतं गुरगुरल्यासारखं येतं."

"तुम्ही वर या एकदा."

गेली ती वर, कपडे पोचवायचं निमित्त करून. आणि बघते तर काय! पलंगाशेजारचा पाण्याचा ग्लास थरथरत होता. काच एवढी पातळ की बाहेर कबुतर फडफडलं तर आत कळावं, आणि खिडकी कोपऱ्यात नीट मिटतही नव्हती. समोर हॉलच्या खिडक्या सताड उघड्या. धडधड्याचा एकेक ठोका धाकटीच्या छातीत येऊन बसला. आमच्याकडे आली तर जेवली नाही धड. "जाऊबाई," म्हणाली, "शिव्या द्यायला माणूसच उरलं नाही हो. ती पोरगी खोटी नाही आणि भाऊही खोटे नाहीत. आता मी कुणाच्या बाजूने उभी राहू?" मी पुढ्यात ताट सरकवलं.

आणि मोजणीचा दिवस आला. आता ही गंमत ऐक. गल्लीत बातमी पसरली, मोजणीवाले येणार. लोकांना वाटलं जागेची मोजणी! जो तो आपलं पुढे आलेलं आत घ्यायला लागला. किल्लीवाल्याने छत गुंडाळलं, शिंप्याने मशीन आत ओढलं, सायकलवाल्याने फुटपाथवरच्या सगळ्या सायकली बायकोच्या स्वयंपाकघरात कोंबल्या. त्याची बायको बाहेर उभी राहून ओरडतेय, "आता मी चुलीपर्यंत सायकलवर जाऊ का?" धाकटी सांगून दमली, "अहो, आवाज मोजणार आहेत, आवाज!" तर शिंपी म्हणतो, "मावशी, आवाज काय टेपने मोजतात? तुम्हाला फसवलंय कुणीतरी."

त्या गडबडीत सिस्टर आली, हॉस्पिटलातून थेट. रात्री दोन पेशंट अत्यवस्थ, म्हणून तिला सकाळी सुटताच आलं नव्हतं. दुपार झाली होती. "मोजणीचे साहेब येणार आहेत माझ्या घरी," म्हणाली, "निदान बरे कपडे तरी घालते. झालाय का ड्रेस?"

"एवढी बाही राहिलीय. बस."

बसली ती चादरींच्या गठ्ठ्यावर. खोलीत ऊब, ताज्या कपड्यांचा वास, इस्त्रीचा एका लयीतला धप धप आवाज. बाही होऊन धाकटीने मागे वळून बघितलं तर सिस्टर भिंतीला टेकून गाढ झोपलेली. तोंड जरासं उघडं, लेकरासारखं. आणि भिंतीच्या पलीकडे धडधड्या आणि त्याची सगळी मंडळी पूर्ण जोरात वाजवत होती बरं का. भाऊंनीच बजावलं होतं, आज हातचं राखून वाजवायचं नाही, कार्यक्रमात वाजवता तसंच वाजवा, मोजणी खरी होऊ दे.

उठवायला हवं होतं. धाकटीने हात पुढे केलासुद्धा. मग तो हात उशीकडे गेला. मानेखाली उशी सरकवली, पाय गठ्ठ्यावर उचलून ठेवले, दार लोटून घेतलं.

तिकडे साहेब वर जाऊन आले तर दाराला कुलूप. बरोबर बिल्डरचा माणूस, त्यांनाही हॉल बंदच हवा होता, कपाळावर गॉगल. तक्रारवाली बाईच सापडेना. साहेब म्हणाले, चला, हॉलच्या सगळ्यात जवळ कोण राहतं तिथे आधी बघू. आले ते धाकटीकडे. हातात टीव्हीच्या रिमोटसारखं यंत्र.

बिल्डरच्या माणसाने दार ढकललं आणि मोठ्याने म्हणाला, "ओ मावशी, तुम्हालाच तर सगळ्यात जास्त त्रास, सांगा साहेबांना!"

"हळू बोला!" धाकटी दबक्या आवाजात ओरडली. "सिस्टर झोपल्यात."

"कोण सिस्टर?" साहेब.

"त्याच हो. तक्रारवाल्या."

साहेबांनी एकदा झोपलेलीकडे बघितलं, एकदा भिंतीकडे बघितलं. पलीकडे धडधड्या घाम गाळत होता. साहेब आपोआप चवड्यांवर आत आले. यंत्र इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं, आकडा बघितला, कमीच होता, पुन्हा बघितला, आणि कुजबुजत विचारलं, "झोपेची गोळी वगैरे नाही ना घेतलेली?"

"रात्रभर लोकांच्या उशाशी उभी होती. गोळी कशाला लागते?"

बिल्डरचा माणूस, ही मोजणी मोडायला, धावत हॉलमध्ये गेला आणि त्याने वाजवणं थांबवलं. थांबलं मात्र, आणि सिस्टर दचकून उठली. "काय झालं? बंद का केलं?"

साहेब हसू दाबत होते, धाकटीने पदर तोंडाला लावला.

मग सिस्टरच साहेबांना वर घेऊन गेली. भाऊंनी पुन्हा वाजवायला लावलं, तेवढंच, तसंच. वरच्या खोलीत ग्लास थरथरला, काच कुरकुरली, यंत्राचा आकडा कुठल्या कुठे गेला. सिस्टर खिडकीशी उभी राहिली. साहेबांनी विचारलं, "म्हणजे बाई, तक्रार मागे घेताय?"

"मुळीच नाही," सिस्टर म्हणाली. "तक्रार तीच. फक्त पत्ता बदला." आणि बिल्डरच्या माणसाकडे वळली. "हॉल इथे होता हे तुम्हाला दिसत होतं. तरी पलंग त्याच्या तोंडासमोर ठेवलात आणि मधे हा काचेचा पापड लावलात. भिंतीला टेकून झोप लागते आणि तुमच्या घरात लागत नाही, हे कसं काय?"

"मग हॉल हलवा ना," तो म्हणाला.

धाकटी भाऊंना घेऊन मागोमाग धापा टाकत वर आली होती. तिच्या तोंडून निघूनच गेलं, "तो केव्हाचा वाजतोय, बाबा. तुम्ही आत्ता आलात."

भाऊंनी वडिलांचं ते वाक्य ओळखलं.

लगेच सगळं गोड झालं असं नाही हं. बिल्डर पुष्कळ दिवस ताणत राहिला. शेवटी हुकूम निघाला, दुहेरी काचा त्याने बसवायच्या, आणि पुढे कुणी हॉलशेजारी बांधलं तर आवाज अडवायची सोय बांधणाऱ्याने करायची. भाऊंनाही सांगितलं, त्या बाजूच्या खिडक्या वाजवताना बंद ठेवा. भाऊंना ते आवडलं नाही, हॉलमध्ये उकडायचं, पण ऐकलं. गल्लीने जुन्या गाद्या दिल्या, धाकटीने त्यांना खोळी शिवून त्या गाद्या खिडक्यांना लावल्या. बिल्डिंगमधले दोघंतिघं अजून कुरकुरतात. कुरकुरू देत.

काचा येईपर्यंत सिस्टर दुपारी धाकटीच्या खोलीत झोपायची. जाताना म्हणायची, "मावशी, तुमचे उपकार कसे फेडू?" धाकटी म्हणायची, "माझ्यावरचे कुठे फिटलेत अजून!" धडधड्याने आपणहून सराव संध्याकाळवर नेला. मग सिस्टर पहिल्यांदा कार्यक्रमाला गेली, पुढच्या खुर्चीवर बसली, आणि दुसऱ्या गाण्याला तिथेच घोरायला लागली! धडधड्या केवढा रुसला. भाऊ म्हणाले, "अरे वेड्या, एवढा विश्वास आजवर कुणी दाखवला नव्हता आपल्यावर."

परवा धाकटी फोनवर बोलत होती. मागे वाजत होतं, इस्त्री चालू होती. मला म्हणाली, "जाऊबाई, या भिंतीने मला किती दिलं हो." मला ऐकूही धड येत नव्हतं, पण फोन ठेवावासा वाटेना.

बस, एवढंच. आणि शेवटी असं लिही की हे जो वाचेल त्याच्या शेजारी कुणी गाणारं वाजवणारं असेल, तर त्याला आमच्या धाकटीचा निरोप द्यावा: वाजव म्हणावं बाबा, खुशाल वाजव. तेवढी खिडकी लावून घे, पलीकडे कुणीतरी रात्रपाळी करून आलंय.